दादांच्या मालकीचं काय काय

बेलीफ आज घरी येणार, हे सूनबाईला कोर्टाकडून कळलं नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं.

"काल एक माणूस पेंटरचं घर विचारत होता," कपड्यांचा गठ्ठा बांधता बांधता तो म्हणाला. "उद्या कोर्टातून येतो म्हणाला. घरात सामान कितपत आहे, असंही विचारलं. मी सांगितलं, भरपूर आहे, भरलेलं घर आहे. बरोबर सांगितलं ना?"

सूनबाई विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर होती. लोकांचं काय जळलं, काय बुडालं आणि त्यातलं खरोखर कुणाचं होतं, हे ठरवण्यात तिचा दिवस जायचा. ती कपडे तिथेच टाकून घरी आली, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "आई, जप्ती आली."

वहिनी चहा गाळत होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या सगळ्यांच्याच वहिनी होत्या. दीर-नणंदेच्या तोंडचं नाव गल्लीने उचललं आणि दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणू लागले. त्यांनी गाळणं खाली ठेवलं नाही. "कधी?" एवढंच विचारलं.

"आज. कोर्ट उघडलं की निघेल."

"मग भाऊजींना बोलावून घे. आणि मास्तरला सांग, आज गाडी शिकवायला जाऊ नकोस."

खरं म्हणजे या दिवसाची चाहूल वहिनींना फार आधीच लागली होती. हाताने रंगवलेल्या पाट्या कुणी घेईना, तेव्हा दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, फ्लेक्स छापायचं मशीन घेतलं, तेही बहिणीच्या पैशाने. बहीण इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती आणि तिने निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतला मोठा तुकडा काढून भावाच्या हातावर ठेवला होता. मशीन पहिल्या दिवसापासून माणसांचे चेहरे हिरवे छापत होतं. दोन नगरसेवक आणि एक दातांचा डॉक्टर हिरवे छापून झाल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. ज्याने मशीन विकलं त्याने दुकान बंद केलं आणि मशीन शेवटी भंगारात गेलं.

तिथपर्यंत मेट्रनने तोंडातून शब्द काढला नव्हता. पुढे कधीतरी भाऊजींच्या साठीच्या जेवणाला सगळं गणगोत जमलं होतं. तिथे तिने सहज, वाढता वाढता विचारलं, "दादा, माझ्या पैशांचं काय करायचं?" दादांना चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं असणार. पण ओशाळणं त्यांना जमत नसे, म्हणून ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "कसले पैसे? तू मला पैसे कधी दिलेस?" पंगत हसली. मेट्रन हसली नाही. तिने हातातला वाढायचा चमचा भांड्यात ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर आली ती वकिलाची नोटीस.

दादांनी नोटीस खिडकीच्या फटीत घातली, कारण ती खिडकी वाऱ्याने वाजायची. समन्स आलं तेव्हाही ते गेले नाहीत. "बहीण आहे ती," ते म्हणत. "कोर्ट तिला समजावून घरी पाठवेल. शिवाय त्या इमारतीवरची पाटी माझ्या हातची आहे. इतकं देखणं अक्षर ज्या दारावर, त्या दारातून माझ्याविरुद्ध काय निघणार?"

निघाला तो एकतर्फी हुकूमनामा. व्याजासकट.

*

पुढच्या खोलीत सगळे जमले. भाऊजी, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते गणवेशावरच आले होते, खांद्यावर सोनेरी झालर आणि हातात टोपी. मास्तर, म्हणजे वहिनींचा मुलगा आणि सूनबाईचा नवरा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून त्याचा आवाज इतका शांत झाला होता की तो बोलला की लोकांना उगाच धोका जवळ आल्यासारखं वाटे.

दादा मात्र खिडकीशी बसून एका चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवत होते. 'चष्मे' मधल्या 'ष'चं पोट भरण्यात त्यांचं सगळं लक्ष होतं.

"कायदा असा आहे," सूनबाई उभ्याने म्हणाली, "की अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धंद्याची हत्यारं नेता येत नाहीत. बाकी जे दादांचं असेल ते नेता येतं. पण फक्त दादांचं. तेव्हा दादा, या खोलीतलं तुमचं काय आहे?"

"सगळं," दादा म्हणाले.

"तसं नाही. एकेक सांगा."

"सगळ्यात एकेक आलं."

"दादा," मास्तर हळूच म्हणाला, "जरा ब्रेक दाबा. तिला बोलू द्या."

"फ्रिज," सूनबाई म्हणाली.

"माझा."

"फ्रिज मी आणला, दादा," मास्तर म्हणाला. "पहिल्या बोनसमधून."

"अर्धा तू आणलास."

"अर्धा फ्रिज जप्त होत नाही," सूनबाई म्हणाली. "फ्रिज यांचा. सोफा माझा, माझ्या कंपनीच्या सोसायटीचं कर्ज आहे त्यावर. टीव्ही?"

"टीव्ही माझ्या भावाने दिलाय," वहिनी म्हणाल्या. "शिलाई मशीन माझ्या माहेरचं आहे. ते तर कुणीही सांगेल."

ते कुणीही सांगितलं असतं, कारण वहिनींनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. नवराबायकोत खटका उडाला की 'या घरात माझं म्हणावं असं एकच आहे, माझ्या बापाने दिलेलं मशीन' हे वाक्य ठरलेलं होतं.

"हा रेडिओग्राम माझा," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. रेडिओग्राम म्हणजे कमरेएवढं उंच आणि चांगलंच रुंद लाकडी कपाटच होतं. वर रेकॉर्ड लावायची तबकडी, खाली जाळीचा पडदा. बंद पडून युग लोटलं होतं आणि सध्या वहिनी त्यावर कोथिंबीर निवडायच्या.

"शाब्बास, काका," सूनबाई म्हणाली. "असंच ठासून सांगा."

"ठासून म्हणजे काय? आहेच माझा. बाबांनी मला दिला होता. दादाने माझ्या लग्नानंतर माझी खोली लहान पडते म्हणून इकडे आणला तो आणलाच. आज विषय निघालाय तर घेऊनच जाईन म्हणतो."

"अरे, हे नाटक आहे," दादा म्हणाले.

"तुझ्यासाठी असेल," भाऊजी म्हणाले आणि टोपीच्या टोकाने रेडिओग्रामवरची धूळ झटकली.

असं करत करत सूनबाईने घर संपवलं. पंखा मास्तरचा, टेबल सूनबाईचं, काचेचं कपाट वहिनींचं, भिंतीवरचं घड्याळ बँडच्या मंडळींनी भाऊजींना दिलेलं. दर वस्तूला दादा मान वर करून "माझं" म्हणत आणि दर वेळी कुणीतरी ते त्यांच्या हातून सोडवून घेई. हळूहळू त्यांचं "माझं" बारीक होत गेलं. वहिनींच्या ते लक्षात आलं. कुंचला 'ष'च्या पोटातच थांबला होता आणि रंग खाली ओघळायला लागला होता.

"अहो, ओघळ आला," त्या म्हणाल्या.

"असू दे," दादा म्हणाले. "पाटी तरी कुठे माझी आहे. चष्मेवाल्याची आहे."

*

बेलीफ आला तो एकटा नव्हता. मागून मेट्रन आली. पांढरी साडी, पॉलिश केलेले बूट, आणि वॉर्डात शिरताना असायची तशी नजर, म्हणजे आधी कोपरे, मग माणसं. वादीने सोबत येऊन सामान दाखवायचं असतं असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, आणि सांगितलेलं काम ती कधी टाळत नसे.

"या, वन्सं," वहिनी म्हणाल्या. तोंडातून निघूनच गेलं. इतकी वर्षं दारात तेच म्हटलं होतं.

"मी कामाला आलेय, वहिनी," मेट्रन म्हणाली. पण बूट तिने बाहेरच काढले.

बेलीफ उंच, वाकलेला, गुडघ्याने अधू माणूस होता. खुर्चीवर टेकून त्याने पाणी मागितलं, हुकूमनामा वाचून दाखवला आणि सभोवार नजर फिरवली. त्याला एक खोड होती. आयुष्य लोकांच्या घरातलं सामान बघण्यात गेल्यामुळे चांगली वस्तू दिसली की त्याला राहवत नसे. "सोफा छान आहे," तो म्हणाला आणि सूनबाई घाईने सोफ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तो माझा आहे," ती म्हणाली. "कागद आहेत."

"असू दे. फ्रिजपण चांगला राखलाय."

"माझा," मास्तर म्हणाला.

बेलीफ लिहीत गेला. वस्तू, आणि पुढे हक्क सांगणाऱ्याचं नाव. टीव्ही, पंखा, टेबल. मेट्रन भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या कपाळावर पहिल्यांदा एक आठी होती, टेबलापाशी दोन झाल्या. रेडिओग्रामची पाळी आली तेव्हा भाऊजी म्हणाले, "माझा, आणि मी तो आत्ताच नेतोय," आणि खरोखरच त्यांनी गल्लीतून एक हातगाडी थांबवली. बँडच्या गणवेशातला माणूस आणि हातगाडीवाला मिळून रेडिओग्राम दारातून तिरका काढू लागले, तेव्हा बेलीफ कौतुकाने बघत राहिला. "बाकीचे नुसतं म्हणतात," तो म्हणाला. "हे गृहस्थ प्रामाणिक दिसतात."

राहता राहिलं काचेचं कपाट. वहिनींच्या सासूबाईंचं. आत चिनी मातीचे कप, वर कोरीव पट्टी.

"वा," बेलीफ म्हणाला. "असं काम आता होत नाही. हे कुणाचं?"

ठरल्याप्रमाणे वहिनी तोंड उघडणार, तोच दादा उठले. कुंचला त्यांच्या हातातच होता.

"हे माझं," ते म्हणाले. "लिहा. माझ्या आईचं आहे आणि मी थोरला आहे. या घरात एक तरी वस्तू माझी आहे. लिहा आणि घेऊन जा."

"दादा," सूनबाई दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, घेऊन काय जा."

"घेऊन जाऊ दे. पण माझं म्हणून घेऊन जाऊ दे."

बेलीफने पेन टेकवलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"ते कपाट त्याचं नाही," मेट्रन म्हणाली. "आईने मला दिलंय."

बेलीफने पेन उचललं. "बाई, नीट समजून घ्या. तुम्ही वादी आहात. तुमच्या पैशासाठी मी यांची वस्तू जप्त करतोय. ती तुमचीच निघाली तर मी कुणाची वस्तू कुणासाठी जप्त करू?"

"ते तुम्ही बघा. पण कपाट माझं आहे."

"मग नेलं का नाहीस?" दादा म्हणाले.

"इस्पितळाच्या क्वार्टर्सच्या जिन्यात मावत नव्हतं म्हणून. तूच मोजून सांगितलं होतंस."

"आईने तुला कप दिले होते. कपाट नव्हे."

"कप काय मी हातात धरून ठेवणार होते?"

दोघं आता कपाटाच्या दोन बाजूंना उभी होती आणि मधल्या काचेत बेलीफ दिसत होता. त्याने वहिनींकडे पाहिलं. घरात शहाणं माणूस कोण, हे त्याला अनुभवाने ओळखता येत असावं.

वहिनी अडचणीत आल्या. कपाट नवऱ्याचं म्हटलं तर जातंय आणि नणंदेचं म्हटलं तर नवरा खोटा पडतोय. पण सासूबाई शेवटच्या दुखण्यात जे बोलल्या ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्या वेळी उशाशी रात्र रात्र जागली होती ती ही नणंद.

"कपाट वन्संचं आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाई माझ्यासमोर बोलल्या होत्या."

दादांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की वहिनींना आपण नवऱ्याच्या पायाखालची चटई ओढल्यासारखं वाटलं. मग ते शांतपणे खिडकीशी जाऊन बसले.

"लिहा," ते बेलीफला म्हणाले, "प्रतिवादीचं या घरात काही नाही. सोफा सुनेचा, फ्रिज मुलाचा, टीव्ही मेहुण्याचा, कपाट बहिणीचं, रेडिओ आत्ताच गल्लीच्या तोंडाशी गेला. मशीन बायकोच्या बापाचं. माझे हे कुंचले आहेत, ते तुम्हाला नेता येत नाहीत म्हणे. संपलं."

बेलीफ खरोखरच लिहू लागला. सूनबाईने मास्तरकडे पाहिलं. डाव साधला होता. पण मेट्रनच्या कपाळावर आता मोजता येणार नाहीत इतक्या आठ्या होत्या.

"थांबा," ती म्हणाली. "असं कसं काही नाही? माझा भाऊ इतका कफल्लक नाही."

"आत्या," सूनबाई म्हणाली, "अहो, हेच तर तुम्हाला—"

"तू मधे बोलू नकोस. पदर भरून बसलीस, सोफा माझा, टेबल माझं. जन्मभर या माणसाने मर मर काम केलं आणि याच्या नावावर कुंचला?" ती मास्तरकडे वळली. "फ्रिज तुझा काय रे?"

"बोनसमधून आणला होता, आत्या." मास्तरचा आवाज कधी नव्हे तो कापला.

"अर्ध्या किमतीचा होता तुझा बोनस. बाकीचे कुठून आले, विचारलंस कधी? सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवायला जायचा हा, दुकान बंद करून. मचाणावरून पडला तेव्हा माझ्याच वॉर्डात आणला होता. हाताला प्लास्टर घालताना मला सांगत होता, पोराने फ्रिज ठरवलाय, कमी पडतात, त्याला कळता कामा नये. घरी काय सांगितलंस रे तेव्हा?"

"बसमधून उतरताना घसरलो," दादा खिडकीकडे बघत म्हणाले.

"लिहा," मेट्रन बेलीफला म्हणाली. "फ्रिज, अर्धा."

"अर्धा लिहिता येत नाही, बाई."

"मग पूर्ण लिहा. आणि ते शिलाई मशीन."

"वन्सं, मशीन माझ्या माहेरचं आहे," वहिनी म्हणाल्या. इथे त्यांचा पाय पक्का होता.

मेट्रनने भावाकडे पाहिलं. दादांनी मान हलवली, नको म्हणून. पण मेट्रन एकदा औषध द्यायला उभी राहिली की रोग्याची मान हलली म्हणून थांबणारी नव्हती.

"माहेरचं मशीन तुम्ही पहिल्या बाळंतपणाला गेलात तेव्हाच मोडलं, वहिनी. याने त्यावर तंबूचं कापड शिवायला घेतलं होतं, जाहिरातीसाठी. कारागिराने हात टेकले. हा माझ्याकडे आला, तोंड इतकुसं करून. आम्ही दोघं जुना बाजार पालथा घालून हुबेहूब तसंच मशीन शोधलं. लाकडावर डाग होता ना कडेला, तेलाची बाटली सांडल्याचा? तो याने कुंचल्याने रंगवलाय."

वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या मशीनवरचं कापड त्यांनी बाजूला केलं आणि तो डाग नखाने खरवडून पाहिला. तपकिरी रंगाचा पोपडा नखात आला.

इतकी वर्षं ज्या मशीनचा दाखला त्यांनी दर भांडणात दिला, आणि समोरचा माणूस दर वेळी ऐकून घेऊन दुकानात निघून गेला, ते मशीन त्याने आणलेलं होतं. वहिनींना रडू यावं तसं वाटलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की नवऱ्याला नेमकं काय बोलावं ते सुचेना.

"आणि त्याचे पैसे?" बेलीफने विचारलं. त्याला लिहायला ते लागत नव्हतं, त्याला आता गोष्टच कळून घ्यायची होती.

दादांनी कुंचला डब्यात ठेवला, हात फडक्याला पुसले आणि पहिल्यांदा सरळ बहिणीकडे पाहिलं.

"पैसे हिने दिले," ते म्हणाले. "हिची नोकरी नुकतीच लागली होती. तेव्हाही हिनेच दिले आणि छपाईच्या मशीनलाही हिनेच दिले. मी मागितले, हिने दिले, मी घेतले. पंगतीत नाही म्हणालो ते खोटं बोललो." मग बेलीफकडे वळून, "हे लिहायचं असेल तर लिहा."

"याला रकाना नाही," बेलीफ म्हणाला.

मेट्रनने पदराचं टोक चष्म्यावरून फिरवलं. चष्मा स्वच्छच होता. मग ती जवळच्या सोफ्यावर, म्हणजे सुनेच्या सोफ्यावर, बसली आणि म्हणाली, "वहिनी, चहा टाकणार का?"

*

चहा झाला, पण बेलीफच्या कागदावर फ्रिज आणि शिलाई मशीन तशीच होती. बशीत बिस्किट बुडवून त्याने शांतपणे सांगितलं की आपण आता रिकाम्या हाताने जाऊ शकत नाही. टेम्पो येतो आहे.

"थांबवायचं कसं हे?" मेट्रनने विचारलं.

"तुम्हीच आणलंय, बाई."

"ते मला माहितीये. थांबवायचं कसं?"

"तडजोड करा. हप्ते ठरवा, दोघांच्या सह्या द्या, मी कोर्टात दाखल करतो. कमाई किती, हप्ता किती, ते ठरवून टाका."

मग जी घासाघीस सुरू झाली तशी बेलीफने नोकरीत कधी पाहिली नव्हती. दादांनी ताठ मानेने एक आकडा सांगितला. मेट्रन म्हणाली, इतका झेपणार नाही, निम्मा कर. दादा म्हणाले, मी भिकारी नाही, आत्ताच तू सांगितलंस. वहिनी म्हणाल्या, अहो, पाट्या विकल्या जात नाहीत आणि आकडे कसले सांगता. सूनबाई, जी सकाळपासून सासऱ्याचं सगळं वाचवत होती, ती आता आत्याच्या बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, आत्या म्हणतायत तेवढाच ठेवा. घेणारी खाली ओढत होती, देणारा वर चढवत होता. शेवटी मास्तरने गाडी थांबवायच्या आवाजात, "दोघंही मधल्या गिअरला या," असं सांगितलं आणि आकडा ठरला.

"व्याज मला नको," मेट्रन म्हणाली. "पण एक अट. हप्ता हा स्वतः घेऊन येईल. मास्तरच्या हाती पाठवायचा नाही."

"आणि तू पावती देशील," दादा म्हणाले. "दर वेळी. कोर्टात गेलेल्या बाईवर माझा विश्वास नाही."

"देईन."

सह्या झाल्या. दादांनी आपली सही अशी वळणदार केली की बेलीफने कागद जरा लांब धरून पाहिला आणि "छान" म्हणाला. या वेळी कुणी घाबरलं नाही. टेम्पो आला आणि तसाच परत गेला. जप्तीच्या दिवशी त्या घरातून एकच वस्तू बाहेर पडली, ती भाऊजींनी नेलेला रेडिओग्राम, आणि तो त्यांच्या दारातून आत जाईना म्हणून पुढे कितीतरी दिवस त्यांच्या जिन्याखाली पडून राहिला. वहिनी कोथिंबीर निवडायला नवी जागा शोधत फिरायच्या आणि जाऊबाई फोन करून विचारायच्या, "तुमचं ते धूड परत कधी नेताय?"

सगळे गेल्यावर वहिनी शिलाई मशीनपाशी बसल्या होत्या. दादा आत आले, पाणी प्यायले, उगाच फ्रिज उघडून बंद केला.

"मला सांगितलं का नाही?" वहिनींनी विचारलं.

"तू बाळंतीण होतीस."

"आणि नंतर? मी दर वेळी बापाचं मशीन, बापाचं मशीन म्हणत होते. ऐकवलं कसं तुम्हाला?"

दादांनी थोडा विचार केला. "तू ते म्हणालीस की मला बरं वाटायचं," ते म्हणाले. "म्हटलं, ओळखू आलेलं नाही. काम नीट झालंय."

*

पहिल्या हप्त्याला दादा दुपारी निघाले. मेट्रनचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण ते दिवेलागण झाली तरी परतले नाहीत. वहिनी दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. पैसे दिले, मग एखादा शब्द वाकडा गेला असेल. आता पुन्हा नोटीस यायची, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मास्तरला पाठवावं तर वन्संना अट मोडली असं वाटायचं.

दादा आले ते तणतणत. काखेत रंधा मारलेली लाकडाची फळी होती.

"काय झालं? घेतले नाहीत का पैसे?"

"घेतले. तीनदा मोजून घेतले. पावती दिली. जेवायला घातलं, मीठ कमी होतं. मग म्हणाली, दारावर पाटी नाही, पोस्टमन शेजारी विचारतो, एक रंगवून दे. मी भाव सांगितला तर निम्म्यावर आली. सख्ख्या भावाशी घासाघीस. मी म्हटलं, बाई, हे हाताचं काम आहे, छापलेलं नव्हे. तासभर भांडलो."

"मग?"

"ठरली तिच्याच भावाने. काय करणार." त्यांनी फळी खिडकीशी टेकवली, डोळा बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि खडूने एक रेघ मारली.

"आगाऊ काही दिले का तिने?" वहिनींनी विचारलं.

दादांनी दुसरी रेघ मारायला घेतली होती. ते मधेच थांबले.

"नाही," ते म्हणाले. "पेन्शन आल्यावर देते म्हणाली."

"म्हणजे उधार."

दादांनी खडू खाली ठेवला. मग त्यांच्या खांद्यांना हलका हिसका बसला, पुन्हा एक बसला, आणि आतून सूनबाई धावत बाहेर आली, कारण दादांना काहीतरी झालंय असं तिला वाटलं. काही झालं नव्हतं. ते हसत होते, आणि वहिनी मशीनवर डोकं टेकून त्यांच्यापेक्षा जास्त हसत होत्या.

"हसू नका," डोळे पुसत दादा म्हणाले. "महिना संपू दे. दिले नाहीत तर मी थेट कोर्टात जाणार आहे. तिथली पाटी माझ्या ओळखीची आहे."